पालखी पळवणाऱ्याला मानाचं पान?

६ सप्टेंबर २०१२ रोजी अमेरिकन फुटबॉलमधल्या एका टीमचे माजी मालक आर्ट मॉडेल बॉल्टिमोरमध्ये वारले. वय ८७. त्याच आठवड्यात अमेरिकन फुटबॉलचा नवा हंगाम सुरू होत होता, आणि एनएफएल या तिथल्या लीगच्या मैदानांवर सामन्याआधी त्यांच्यासाठी क्षणभर स्तब्ध उभं राहायचं ठरलं. अपवाद फक्त क्लीव्हलंडचा. तिथे हा कार्यक्रम करू नका, अशी विनंती खुद्द मॉडेल कुटुंबानेच केली होती. ज्या शहरात या माणसाने साडेतीन दशकं टीम चालवली आणि १९९५ मध्ये तिथून ती उचलून बॉल्टिमोरला न्यायचं ठरवलं, तिथे सत्तर हजार लोक त्यांच्या नावाने गप्प बसणार नाहीत, हे घरच्यांना पक्कं ठाऊक होतं. मेल्यावर वैर संपतं असं आपण म्हणतो. एरी सरोवराच्या काठावरच्या या शहरात ते सतरा वर्षांनंतरही संपलेलं नव्हतं.

या मॉडेलना प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानदालनात, जागा मिळावी का, हा वाद अमेरिकेत दोन दशकांहून अधिक काळ चघळला गेला आहे. २००१ मध्ये ते अंतिम यादीपर्यंत पोचले. मधल्या काळात त्यांचं नाव पुन्हा पुन्हा चर्चेत आलं. निधनानंतर काही महिन्यांनी, २०१३ मध्ये, पुन्हा शेवटच्या पंधरात आले आणि तिथेच थांबले. निवडीला ऐंशी टक्के मतं लागतात. म्हणजे खोलीतल्या प्रत्येक पाचांपैकी चौघांचं तुमच्याबद्दल एकमत हवं, आणि मॉडेल यांच्याबद्दल एकमत होणं म्हणजे मोठंच काम. त्यात हे हॉल ऑफ फेम आहे ओहायो राज्यातल्या कँटन गावी, क्लीव्हलंडपासून गाडीने तासाभरावर. ब्राँझचा अर्धपुतळा बसवायचा तर तो जखमेच्या इतक्या जवळ बसवावा लागणार.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: ही जागा त्यांना मिळू नये. पण क्लीव्हलंडचे लोक जे कारण देतात, ते मला अपुरं वाटतं. आणि बॉल्टिमोरचे लोक मॉडेल यांच्या बाजूने जे सांगतात, त्यातलं बरंचसं खरं आहे. म्हणून आधी त्यांची बाजू, आणि ती हातचं न राखता.

मॉडेल मूळचे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचे, जाहिरात आणि टीव्हीच्या धंद्यातले. १९६१ मध्ये त्यांनी क्लीव्हलंड ब्राउन्स ही टीम सुमारे ४० लाख डॉलरला घेतली, त्यातले बरेचसे उसने. तेव्हा फुटबॉलचे बहुतेक मालक तिकिटांच्या गल्ल्याकडे बघून धंदा करत. टीव्ही म्हणजे गल्ल्यातला चोर, घरी फुकट दिसलं तर मैदानावर कोण येईल, अशी भीती होती. मॉडेल टीव्हीतूनच आलेले असल्यामुळे त्यांना उलटं दिसत होतं. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी सगळ्या टीमचे प्रक्षेपणहक्क एकत्र विकून पैसा सारखा वाटायची योजना आणली, आणि १९६२ पासून १९९३ पर्यंत लीगच्या टीव्ही समितीचं अध्यक्षपद मॉडेल यांच्याकडे राहिलं. १९६४ मध्ये सीबीएसने वर्षाला १ कोटी ४१ लाख डॉलर मोजले तेव्हा लोकांचे डोळे विस्फारले होते. आज एनएफएलचे टीव्ही करार वर्षाला अब्जावधींचे आहेत.

या समान वाटपाचं महत्त्व कळायला ग्रीन बे हे एक नाव पुरे. लाखभर वस्तीचं हे गाव. त्याची टीम न्यूयॉर्कच्या टीमला बरोबरीने टक्कर देते, कारण टीव्हीच्या पैशातला दोघांचा वाटा सारखा. आम्ही सगळे मालक रिपब्लिकन, पण फुटबॉलचा प्रश्न आला की समाजवादी मत देतो, असं मॉडेल गमतीने म्हणत. गंमत बाजूला ठेवली तरी अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत धंद्यांपैकी एक धंदा सहकारी साखर कारखान्याच्या तत्त्वावर उभा राहिला, यात त्यांचा हात होता. (कारखान्याचं पुढे काय होतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तेही इथे झालंच.)

सोमवारी रात्री सामना दाखवायची कल्पना एबीसी वाहिनीने उचलली तेव्हा यजमान व्हायला मॉडेल पुढे आले. २१ सप्टेंबर १९७० रोजी पहिला सामना क्लीव्हलंडमध्ये झाला, मैदानात ८५ हजारांहून अधिक माणसं, ब्राउन्सने न्यूयॉर्क जेट्सना ३१-२१ असं हरवलं. पुढची कित्येक दशकं अमेरिकेची सोमवार रात्र त्यावर चालली. त्याआधी, दोन प्रतिस्पर्धी लीग एकत्र येताना गाडं अडलं होतं. जुन्या लीगमधल्या तीन टीमनी नव्या गटात जायला हवं होतं आणि कोणी तयार होईना. पोटाच्या दुखण्याने रुग्णालयात पडलेल्या मॉडेल यांनी होकार दिला, पिट्सबर्गच्या टीमचे मालक रूनी त्यांच्यासोबत आले, आणि कोंडी फुटली. १९६८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी पहिला सामूहिक करार झाला तेव्हाही मालकांच्या बाजूने बोलणारे तेच. ही किरकोळ कामगिरी नव्हे. नुसती ही यादी पुढे ठेवली आणि नाव झाकलं, तर हा माणूस अजून बाहेर का, असं कोणीही विचारेल.

आता नावावरचं झाकण काढू.

मॉडेल यांनी टीम घेतली तेव्हा तिचं नावच मुळी तिचे पहिले प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्यावरून पडलेलं होतं. जानेवारी १९६३ मध्ये मॉडेल यांनी त्याच पॉल ब्राउन यांना काढून टाकलं. आबांच्या नावाच्या दुकानातून आबांनाच बाहेर काढण्याचा प्रकार. डिसेंबर १९६४ मध्ये टीम विजेती ठरली, तीही बॉल्टिमोर कोल्ट्सचा २७-० असा धुव्वा उडवून. पण ती टीम बरीचशी ब्राउन यांनीच बांधलेली होती. त्या काळचे सर्वांत मोठे खेळाडू जिम ब्राउन १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये सिनेमाच्या चित्रीकरणात अडकले आणि सराव शिबिराला उशीर होणार असं दिसलं. मॉडेल यांनी दंडाची धमकी दिली. जिम ब्राउन यांनी तिशीतच खेळ सोडून दिला. त्यानंतर मॉडेल यांच्या काळात क्लीव्हलंडला एकही विजेतेपद मिळालं नाही. तरीही हे सगळं मी माफ करायला तयार आहे. मालक चुका करतात.

खरी गोष्ट पैशाची आणि एका जुनाट स्टेडियमची. क्लीव्हलंडचं म्युनिसिपल स्टेडियम १९३१ सालचं, सरोवराकाठचं, अवाढव्य, खांबांनी दृष्टी अडवणारं, गळकं. सत्तरच्या दशकात शहर दिवाळखोरीकडे चाललं होतं आणि स्टेडियम सांभाळायची ऐपत त्याच्यात उरली नव्हती. मॉडेल यांनी ते लांब मुदतीच्या भाडेपट्टीवर घेतलं, दुरुस्त केलं, श्रीमंत प्रेक्षकांसाठी खासगी कक्ष बांधले. आता ते टीमचे मालक आणि स्टेडियमचे घरमालकही झाले. शहरातली बेसबॉलची टीम, क्लीव्हलंड इंडियन्स, त्यांची भाडेकरू झाली. त्या काळात हा व्यवहार शहाणपणाचाच वाटला, आणि शहराचीही सोय झाली, हे मान्य करायला हवं.

पण भाडेकरूला घरमालकाचा जाच वाटायला लागला की तो दुसरं घर शोधतो. इंडियन्सनी शोधलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गेटवे नावाचा प्रकल्प झाला, दारू-सिगारेटवरच्या करातून नवं बेसबॉल मैदान उभं राहिलं आणि १९९४ मध्ये भाडेकरू तिकडे गेला. त्या प्रकल्पात सामील होण्याचं आमंत्रण मॉडेल यांनाही होतं. ते आपल्या स्टेडियमला चिकटून राहिले. मग इंडियन्सचे सामने गेले, त्यांच्याबरोबर खासगी कक्षांचं त्या सामन्यांचं उत्पन्न गेलं, आणि रिकामं पडलेलं जुनं वाडावजा स्टेडियम मॉडेल यांच्या गळ्यात राहिलं.

याच सुमारास खेळाचं अर्थशास्त्रही बदललं. टीव्हीचा पैसा सगळ्यांत वाटला जात होता, पण खासगी कक्षांचा नाही. ज्याच्याकडे नवं स्टेडियम, त्याच्या हाती रोकड. आणि १९९३ पासून खेळाडूंना टीम बदलायची मोकळीक मिळाल्यावर चांगला खेळाडू आणायचा तर सही करतानाच मोठी रक्कम रोख द्यावी लागे. १९९५ मध्ये मॉडेल यांनी आंद्रे रायझन या खेळाडूशी पाच वर्षांचा १ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला आणि त्यासाठी कर्ज काढलं. गळकं स्टेडियम, कर्ज आणि महागडे खेळाडू. टीम हलवणार नाही असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते.

२७ ऑक्टोबर १९९५ रोजी बॉल्टिमोरच्या विमानतळावर उभ्या असलेल्या एका खासगी विमानात मॉडेल यांनी मेरीलँड राज्याशी करार केला. विमान त्यांचे स्नेही, बँकर अ‍ॅल लर्नर यांचं. सरकारी खर्चाने बांधलेलं नवं कोरं स्टेडियम, भाडं नाही, खासगी कक्षांचं उत्पन्न टीमचं. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी, ५ नोव्हेंबरला, क्लीव्हलंडमधल्या सामन्यात ब्राउन्स ह्यूस्टनकडून ३७-१० असे हरले. तोवर बातमी फुटली होती. सोमवारी मॉडेल बॉल्टिमोरमध्ये व्यासपीठावर बसले आणि आपल्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता असं म्हणाले.

मंगळवारी, ७ नोव्हेंबरला, क्लीव्हलंडच्या मतदारांपुढे एक प्रस्ताव होता. दारू-सिगारेटवरच्या त्या कराची मुदत वाढवून म्युनिसिपल स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी १७.५ कोटी डॉलर उभे करायचे का? मागणी मूळची मॉडेल यांचीच. टीम जाणार हे आदल्या दिवशी कळूनही सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी 'हो' म्हटलं.

'पर्यायच नव्हता' हे वाक्य माझ्या गळी उतरत नाही ते इथे. पर्याय होता, आणि तो मतपेटीत बंद होऊन पडला होता. करार करण्याआधी अकरा दिवस थांबायचं होतं. धंद्यातला तोटा त्यांच्याच एका जुन्या निर्णयातून आलेला. त्याचा राग भाडेकरूवर, महापालिकेवर. आणि वड्याचं तेल निघालं ते डॉग पाउंडमधल्या माणसांवर. मैदानाच्या पूर्व टोकाला स्वस्त तिकिटांच्या बाकांवर कुत्र्याचे मुखवटे घालून, हाडं नाचवत आरडाओरडा करणाऱ्या चाहत्यांची ही जागा. पोलादाच्या गिरण्या बंद पडत गेलेल्या शहरात रविवारची ही एक जत्रा उरली होती. गिरणगाव ओसाड होताना पाहिलेल्या माणसाला क्लीव्हलंडच्या त्या बाकांचा अर्थ फार समजावून सांगावा लागत नाही.

१७ डिसेंबर १९९५ रोजी तिथला शेवटचा सामना झाला. समोर होती सिनसिनाटी बेंगल्स, म्हणजे ब्राउन्समधून काढल्यावर पॉल ब्राउन यांनी नव्याने उभी केलेली टीम. मालकाने हाकललेल्या माणसाची टीम निरोपाला आली होती. ब्राउन्स २६-१० जिंकले. लोकांनी बाकं मुळापासून उखडली, फळ्या मैदानात भिरकावल्या, आणि काही खेळाडू सामना संपल्यावर डॉग पाउंडकडे धावत जाऊन प्रेक्षकांच्या गळ्यात पडले. पुढे ते स्टेडियम पाडलं आणि त्याचा राडारोडा एरी सरोवरात टाकून माशांसाठी कृत्रिम खडक तयार केले. त्या बाकांखालचं काँक्रीट आज माशांच्या कामी येतंय, हे मला विलक्षण वाटतं.

इथे मॉडेल यांचे समर्थक हॉल ऑफ फेमचा नियम पुढे करतात. निवड करताना फक्त खेळाशी संबंधित कामगिरी पाहायची, बाकीचं आयुष्य नाही, असा तो नियम. त्यामुळेच सॅन फ्रान्सिस्कोचे माजी मालक एडी डीबार्टोलो २०१६ मध्ये आत गेले. लुइझियानाच्या माजी राज्यपालांनी कॅसिनोच्या परवान्यासाठी त्यांच्याकडून चार लाख डॉलर उकळले, ते त्यांनी लपवलं आणि १९९८ मध्ये गुन्हा कबूल केला. पण त्याचा फुटबॉलशी संबंध नव्हता. मग मॉडेल यांच्यावर तर गुन्हाही नाही, असा युक्तिवाद.

मी हाच नियम घेतो आणि उलटा लावतो. खेळाडूचं मैदान शंभर यार्डांचं. मालकाचं मैदान कोणतं? तो चेंडू फेकत नाही, कोणाला अडवत नाही. टीम त्याने घडवलेली नसते, बहुतेक वेळा विकत घेतलेली असते. त्याच्या हातात एकच काम असतं, ते म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ज्या गोष्टीवर जीव टाकला ती नीट सांभाळणं. देवस्थानाच्या विश्वस्तासारखं. विश्वस्ताने घरी काय केलं हे त्याच्या कारभारात येत नाही, पण उत्सवमूर्तीची पालखी उचलून शेजारच्या तालुक्यात नेली तर तो त्याचा कारभारच आहे. म्हणून डीबार्टोलो यांचा कॅसिनो नियमाबाहेर जातो, आणि मॉडेल यांचं स्थलांतर नियमाच्या आतच राहतं. ते त्यांच्या मालकपणाचं सर्वांत मोठं कृत्य होतं.

कोणी म्हणेल, इतकी भावनिक गुंतवणूक करायची कशाला, टीम ही शेवटी कंपनीच. पुण्याने हे अनुभवलंय. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३, मग रायझिंग पुणे दोन हंगाम, २०१७ चा अंतिम सामना मुंबईकडून एका धावेने हरली आणि नाहीशी झाली. पुण्यात कोणी बाकं उखडली नाहीत. कारण तिथे मूळ धरायला वेळच मिळाला नव्हता. मुंबईची रणजी टीम मात्र कोणी अहमदाबादला नेईन म्हणालं तर काय होईल याची कल्पना करून पाहा. ती नेता येत नाही, कारण तिला मालक नाही. क्लीव्हलंडकडे रणजीचं मूळ होतं आणि आयपीएलचा मालक होता. दुखणं तिथे आहे.

दुसरा युक्तिवाद अवघड आहे आणि मला तो खरंच छळतो: टीम हलवणारे इतर मालक आत कसे? डॅन रीव्ज यांनी १९४५ ची विजेती टीम, रॅम्स, पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसला नेली. कुठून? क्लीव्हलंडहूनच! ते १९६७ पासून कँटनमध्ये आहेत. रीव्ज यांच्यासाठी एवढं म्हणता येतं की क्लीव्हलंडमध्ये त्यांची टीम जिंकूनही तोट्यात होती, प्रेक्षक फिरकत नव्हते, आणि त्याच वेळी ब्राउन्सची नवी टीम दारात उभी होती. अ‍ॅल डेव्हिस यांचं तसं नाही. त्यांनी ओकलंडची भरलेली मैदानं सोडून १९८२ मध्ये रेडर्स लॉस एंजेलिसला नेली, इतर मालकांनी एकही मत त्यांच्या बाजूने दिलेलं नसताना, आणि १९९५ मध्ये परतही आणली. ते १९९२ मध्ये आत गेले. डेव्हिस प्रशिक्षकही होते, एएफएल या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी लीगचे आयुक्तही होते, पण मालक म्हणून माझ्या निकषावर ते नापास होतात. जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी १९६२ पर्यंत वॉशिंग्टनच्या टीममध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नाही, तोही केंद्र सरकारने कान पिळल्यावर घेतला, आणि १९६३ च्या पहिल्याच तुकडीत त्यांचा सन्मान झाला. थोडक्यात, कँटनचं रजिस्टर स्वच्छ नाही. पण आधीच्या पाहुण्यांना चुकून ताट वाढलं म्हणून पुढच्यालाही वाढलंच पाहिजे, हा न्याय मला पटत नाही.

मॉडेल आणि डेव्हिस यांच्यात एक फरक आहे आणि तो मॉडेल यांच्या विरोधात जातो. डेव्हिस कायमचे बंडखोर. लीगचं हित वगैरे त्यांनी कधी मानलंच नाही. मॉडेल लीगचे कुटुंबवत्सल थोरले. आधी लीग, मग आपली टीम, हे तत्त्व तीस वर्षं इतरांना शिकवणारे तेच. सगळ्यांना सारखा वाटा मिळाला तर कोणालाच गाव सोडावं लागणार नाही, हीच तर त्या टीव्ही कराराची कल्पना होती. त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाचा अर्थ त्यांनी आपल्याच हाताने पुसला. त्यांची बाजू आणि विरोधी बाजू अशा दोन पारड्यांत तोलायला म्हणूनच मी तयार नाही. दुसऱ्या गोष्टीने पहिलीचाच कस कमी होतो.

बॉल्टिमोरवर मात्र माझा राग नाही. मार्च १९८४ च्या एका रात्री रॉबर्ट अर्से यांनी त्यांची कोल्ट्स टीम मालवाहू ट्रकांत भरून इंडियानापोलिसला नेली होती. लोक सकाळी उठले तेव्हा बिऱ्हाड गेलेलं. तेच शहर अकरा वर्षांनी दुसऱ्याचं बिऱ्हाड आणताना टाळ्या वाजवत होतं. भुकेल्या माणसाने अन्न कुठून आलं विचारावं, अशी अपेक्षा मी करणार नाही. तिथे गेल्यावर रेव्हन्स नाव घेतलेल्या या टीमने जानेवारी २००१ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. टीम घडवणारे ऑझी न्यूसम हे क्लीव्हलंडचेच जुने खेळाडू. पुढे ते लीगचे पहिले कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर झाले. त्यांना ती संधी मॉडेल यांनी दिली, आणि हे श्रेय त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ नये. ब्राउन्सचं नाव, रंग आणि विक्रम क्लीव्हलंडकडेच राहिले याचं श्रेयही काही जण मॉडेल यांच्या पदरात टाकतात. तिथे मात्र मी अडतो. शहर कोर्टात गेलं, महापौर मायकेल व्हाइट यांनी देशभर रान उठवलं, तेव्हा फेब्रुवारी १९९६ मध्ये लीगने तडजोड केली. १९९९ मध्ये नवी ब्राउन्स आली. तिची मालकी ५३ कोटी डॉलरला कोणी घेतली? अ‍ॅल लर्नर यांनी. करार ज्यांच्या विमानात झाला होता, तेच.

कँटनमध्ये मॉडेल यांचा पुतळा नाही, पण ओहायोच्या कायद्यात त्यांचं नाव आहे. १९९६ मध्ये राज्याने नियम केला की करदात्यांच्या पैशावरच्या मैदानात खेळणारी टीम हलवायची असेल तर मालकाने सहा महिने आधी सूचना द्यावी आणि स्थानिकांना ती विकत घेण्याची संधी द्यावी. लोक त्याला 'आर्ट मॉडेल लॉ' म्हणतात. २०१८ मध्ये कोलंबस क्रू ही सॉकर टीम टेक्सासला निघाली तेव्हा राज्याने हाच कायदा उगारला, आणि टीम राहिली. ती घेणाऱ्यांत हॅस्लम कुटुंब होतं, ब्राउन्सचे सध्याचे मालक. त्याच हॅस्लमनी पुढे ब्राउन्सला शहराबाहेर ब्रूक पार्कला न्यायचं ठरवलं, तेव्हा क्लीव्हलंड महापालिकेने त्यांच्यावर हाच कायदा लावला. २०२५ मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली: टीम राज्याबाहेर जाणार असेल तरच तो लागू.